पेन्शन चार हजार, म्हणून धान्य बंद?

रेशनचं धान्य ज्यांना मिळतं त्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४,००० रुपये, शहरात ५९,०००. आकडे २०१३ चे! म्हणजे खेड्यात महिना ३,६६६. अमळनेर-चोपड्याकडच्या कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेल्या माणसाला चार हजार पेन्शन असली की वर्षाचे ४८,००० होतात, आणि म्हातारा-म्हातारीचं दहा किलो धान्य जातं. त्या चार हजारांत बीपीच्या गोळ्या, लाइटबिल आणि कळण्याच्या भाकरीचं दळण भागवून दाखवा ना कोणी.

दुसरा घोळ कार्डाचा. मुलगा सुरतेला कमावतो, घरी दमडी पाठवत नाही, पण नावं एकाच कार्डावर, म्हणून त्याचं उत्पन्नही धरतात. तहसीलच्या पुरवठा शाखेत नावं कमी करून विभक्त कार्ड काढायचं, मग तहसीलदारांचा नवा उत्पन्नाचा दाखला जोडायचा. एवढं करून हातात केशरी कार्ड पडतं. नुसत्या केशरीवर धान्य नाही! त्यासाठी प्राधान्य यादीत नाव असावं लागतं, आणि तिथे उत्तर ठरलेलं: 'इष्टांक पूर्ण', म्हणजे ठरलेला कोटा भरला.

वर अंगठा. जन्मभर कापूस वेचलेल्या बोटांच्या रेषा रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनवर उठणार कशा? बुबुळाचं स्कॅन किंवा ओटीपी हे पर्याय आहेत, पण ओटीपीसाठी मोबाइल नंबर आधारला जोडलेला हवा. तो आधी जोडून घ्या.

आणि उपजीविकेचं साधन नसलेल्या साठीपुढच्यांचं कुटुंब अंत्योदयात, म्हणजे सगळ्यात गरिबांच्या रेशन योजनेत बसतं, कुटुंबाला महिना ३५ किलो. हे कोणी आपणहून सांगत नाही, याचा संताप येतो. अर्जात 'अंत्योदय' स्पष्ट लिहा, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका.