नागपूरला येताय? मफलर आणा, आकडे राहू द्या

डिसेंबर लागला की विदर्भावर प्रेम करायचा मोसम सुरू होतो. यंदा पक्षातर्फे, शिष्टमंडळातून किंवा मेहुण्याच्या ओळखीने तुमचाही हिवाळी अधिवेशनाला येण्याचा योग असेल, तर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो.

मफलर हवाच. थंडी पडो न पडो. मुंबईहून आलेला माणूस बिनमफलरचा दिसला की हा काही काम करायला आलाय की काय, अशी आम्हाला धास्ती वाटते.

तुमच्या स्वागताला बंगले रंगवलेले असतील. भिंतीला टेकू नका. मी एका बंगल्यात पाहिलंय, पेंटरने गेल्या वर्षीचा खिळाही रंगवला होता, खिळ्याला लटकलेल्या सुतळीसकट. सुतळीवर मोजून तीन वर्षांचे थर होते.

कोणी इतिहास काढला तर बिचकू नका. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून नेत्यांनी केलेल्या 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात लिहिलंय, की सरकार काही निश्चित काळ नागपूरला मुक्काम हलवेल आणि वर्षातून किमान एक अधिवेशन इथे होईल. आता निश्चित म्हणजे नेमका किती, हे ज्याने मोकळं सोडलं त्याच्या दूरदृष्टीला हात जोडा आणि परतीचं तिकीट काढा. 1955 मध्ये राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं, हा विषय मात्र जेवणानंतर काढावा. सावजी मटणानंतर माणूस वाद घालण्याच्या अवस्थेत नसतो, नाकातून पाणी गळत असतं.

‘अनुशेष’ हा शब्द पाठ करा, म्हणजे विकासात मागे राहिल्याची थकबाकी. लोणचं आणि अनुशेष, दोन्ही मुरल्याशिवाय मजा नाही. 1984 मध्ये दांडेकर समितीने तो मोजला, सगळ्या राज्याचा मिळून 3,186 कोटी. भरायला घ्यायचा तर वाद होतात, मोजायला घेतला तर समिती होते. म्हणून पुन्हा मोजला. 2013 मध्ये केळकर समितीचाही अहवाल आला. त्यात गंमत म्हणजे कागदोपत्री प्रदेश तीन: विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर हे सगळं उर्वरित. म्हणजे आमचं जेवण आटोपल्यावर पातेल्यात जे उरलं, ते बिचाऱ्यांच्या वाट्याला गेलं! तुम्ही उर्वरितातले असाल तर हे सांगताना आवंढा गिळा.

शक्य झाल्यास गोसीखुर्दचं धरण पाहून या. 1988 साली राजीव गांधींनी भूमिपूजन केलं तेव्हा खर्च होता 372 कोटी. आता तो 18 हजार कोटींच्याही पुढे गेलाय आणि कालव्यांची कामं अजून चाललीच आहेत. शेतात मुरण्याआधी पाणी कुठेकुठे मुरलं, हे तिथे विचारू नये. धरण भव्य आहे, फोटो छान येतो.

एखादा फारच भांडायला लागला तर हुकमाचं पान टाका: ‘‘कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस, एवढे मुख्यमंत्री तुमचेच ना?’’ यावर आमच्याकडे उत्तर नाही. आम्ही सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकतो आणि मान वर करतो. तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही.

मोर्चे टेकडी रोडला किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडवतात, त्यामुळे त्रास नाही. गडचिरोलीहून रात्रभर बसून आलेल्या बाया तिथे रस्त्यावरच डबे सोडतात. एखादी निवेदन पुढे करेल. दोन्ही हातांनी घ्या, ‘‘बघतो ताई’’ म्हणा, पहिल्या ओळीवर बोट फिरवा. ती बोटाकडेच बघत असते.

निघताना संत्र्यांची पेटी घ्यायला विसरू नका. आणि निवेदनं फेकू नका बरं. पेटीच्या तळाशी अंथरली की मुंबईपर्यंत एकही संत्रं दबत नाही.