बोअर तोच, स्ट्रोक वेगळा: ‘जपानी सीप्लेन म्हणजे अमेरिकी नक्कल’ या दाव्याबद्दल

लढाऊ विमानांच्या चर्चांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: जपानी नौदलाचं, नाकाजिमा कंपनीचं ई८एन हे टेहळणी सीप्लेन (पाण्यावर उतरणारं विमान) अमेरिकेच्या व्हॉट कोर्सेअर विमानाची हुबेहूब नक्कल होतं. त्याचं इंजिन म्हणजे ब्रिटिश ज्युपिटर, फक्त नाव बदललेलं. १९३५ साली जग एकपंखी (पंखांची एकच जोडी असलेल्या) विमानांकडे वळत असताना जपान दुपंखी (एकावर एक अशा दोन जोड्यांचं) विमान सेवेत घेत होता, हा मागासलेपणाच. आणि शेवटी, याच खटाऱ्याने १९४२ च्या मिडवेच्या नौदल लढाईत उशिरा उड्डाण करून जपानचा घात केला.

विधानं चार आहेत. पहिल्यात थोडं तथ्य आहे, ते आधीच मान्य करून टाकू.

‘कोर्सेअरची नक्कल’ हे शब्द कुणाला लावायचेच असतील, तर ते ई८एनला नव्हे, त्याच्या आधीच्या ई४एन२ला लावा. नाकाजिमाचं ‘प्रकार ९० क्रमांक २’ हे विमान सुरुवातीला दोन तरंग्यांचं होतं (तरंगा म्हणजे विमानाला पाण्यावर तोलून धरणारा, चाकांच्या जागी बसवलेला पोकळ भाग). पुढच्या आवृत्तीत, म्हणजे ई४एन२मध्ये, व्हॉट ओ२यू कोर्सेअरचा प्रभाव उघड दिसतो: मधोमध एक मोठा तरंगा आणि खालच्या पंखांच्या टोकांशी दोन छोटे आधार-तरंगे. हे कुणी लपवलेलं नाही. आयची या दुसऱ्या जपानी कंपनीने तर त्याच काळात जर्मनीच्या हाइंकेलच्या एचडी ५६ वरून ई३ए बांधलं. त्याच्याही आधी, पहिल्या महायुद्धाच्या भरपाईत मिळालेल्या हान्सा-ब्रांडेनबुर्ग विमानावरून नाकाजिमा आणि आयची या दोन्ही कारखान्यांनी शेकड्यांनी विमानं काढली होती. १९२० च्या दशकातली जपानी नौदलाची विमानं परक्या आराखड्यांवर शिकत होती, यात वाद नाही. तरी तेव्हाही सगळंच उसनं नव्हतं. १९२७ मध्ये स्वीकारलेलं नाकाजिमाचंच ई२एन हे जहाजावरचं टेहळणी विमान घरच्या आराखड्याचं होतं आणि त्याची ८० विमानं बनली. मजकूर लिहिणाऱ्याला हे विमान बहुधा माहीतच नसावं.

ई८एनची गोष्ट मात्र १९३२ नंतरची आहे आणि १९३२ हे वर्ष इथे कळीचं आहे. यामामोतो इसोरोकु तेव्हा नौदलाच्या विमान विभागातल्या तांत्रिक शाखेचे प्रमुख होते. याच सुमारास नौदलाने धोरण बदललं: यापुढे विमानांचे आराखडे जपानी कारखान्यांनी करायचे आणि एका गरजेसाठी अनेक कारखान्यांना स्पर्धेत उतरवायचं. प्रायोगिक विमानांना शोवा राजवटीच्या वर्षावरून क्रमांक मिळू लागले. शोवा ८ म्हणजे १९३३, म्हणून त्या वर्षीची मागणी ‘८-शी’. याच मागणीवर नाकाजिमा, आयची आणि कावानिशी एकमेकांसमोर उभे राहिले. नाकाजिमाने स्पर्धेसाठी सात नमुना-विमानं बांधली. पहिलं मार्च १९३४ मध्ये उडालं आणि ऑक्टोबर १९३५ मध्ये नौदलाने ते स्वीकारलं. नाव पडलं ‘प्रकार ९५’, कारण जपानी सम्राट-संवतात १९३५ म्हणजे २५९५. सांकेतिक नावही उलगडून वाचता येतं: ई म्हणजे टेहळणी सीप्लेन, ८ म्हणजे त्या वर्गातलं आठवं, एन म्हणजे नाकाजिमा. १९४० पर्यंत नाकाजिमा आणि कावानिशी मिळून ७५५ विमानं बनली.

आता ई४एन२ आणि ई८एन शेजारी ठेवून पाहा. तरंग्यांची मांडणी तीच. पण पंखांचं क्षेत्रफळ कमी केलं (ई८एनचं २६.५ चौरस मीटर), शेपूट उंच केली आणि इंजिन जास्त ताकदीचं बसवलं. कमाल वेग ताशी जवळपास ३०० किमीला पोचला. मूळ ओ२यू कोर्सेअर १९२६ चं, ताशी सुमारे २४० किमीचं. नक्कल मूळ विमानापेक्षा साठ किमीने वेगवान होत असेल, तर त्या शब्दाला अर्थ काय उरतो?

शेपटीपाशी जरा थांबू या, कारण तरंग्यांच्या विमानाची खरी डोकेदुखी तिथेच असते. मधल्या लांब तरंग्याचा बराच भाग गुरुत्वमध्याच्या पुढे येतो. बाजूने येणारी हवा त्या पुढच्या भागाला ढकलते आणि विमानाचं नाक वळवू पाहते. त्याला तोल द्यायला मागे उभ्या पृष्ठाची जास्त गरज पडते. म्हणून चाकांच्या विमानाला पुरेशी ठरणारी शेपूट तरंगे लावले की अपुरी पडते. याची शिक्षा पुढच्या पिढीला मिळाली. १९३६ मध्ये उडालेलं मित्सुबिशीचं एफ१एम हवेत दिशेला स्थिर राहीना आणि पाण्यावर धावताना नाक वरखाली आपटायला लागलं. मग पंखांचा आकार बदलला, उभी शेपूट आणि सुकाणू मोठे केले, इंजिनही बदललं. ते विमान स्वीकारायला १९४० उजाडलं. नुसता परका आराखडा समोर ठेवून हे प्रश्न सुटत नाहीत. प्रत्येक नव्या इंजिनामागे, प्रत्येक नव्या तरंग्यामागे ते नव्याने सोडवावे लागतात.

इंजिनाबद्दलचा दावा ऐकायला भारी वाटतो, मोजपट्टी लावली की ढेपाळतो. नाकाजिमाकडे ब्रिस्टल ज्युपिटरचा परवाना होता, हे खरं. पण ई८एनमध्ये बसलेलं कोतोबुकी हे ज्युपिटर नव्हे. तिन्ही इंजिनांची मापं बघा (बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, स्ट्रोक म्हणजे त्यातल्या दट्ट्याचा, म्हणजे पिस्टनचा, प्रवास). ज्युपिटर: बोअर १४६ मिमी, स्ट्रोक १९० मिमी, नऊ सिलिंडर, सुमारे २८.७ लिटर. अमेरिकेचं प्रॅट अँड व्हिटनी वास्प: बोअर १४६, स्ट्रोकही १४६, नऊ सिलिंडर, २२ लिटर. कोतोबुकी: बोअर १४६, स्ट्रोक १६०, नऊ सिलिंडर, २४.१ लिटर. बोअर तिघांचा एकच, कोतोबुकीचा स्ट्रोक बाकी दोन्हींच्या अधेमधे. दट्ट्याचा प्रवास तीस मिमीने कमी झाला की इंजिनाचा घेर घटतो. इतकंच नाही, दट्ट्याचा सरासरी वेग न वाढवता फेरेही वाढवता येतात. ज्युपिटरकडून शिकलं, वास्पकडून शिकलं आणि तिसरंच काहीतरी बनवलं. ई८एनच्या पहिल्या आवृत्तीत ते ५८० अश्वशक्ती देत होतं, दुसरीत ६३०. नावात मात्र ज्युपिटरची आठवण आहे खरी: ‘कोतोबुकी’ ज्या चित्रलिपीत लिहितात, त्या अक्षराचा दुसरा उच्चार ‘जु’ असा होतो. नाव ठेवणाऱ्यांनी ऋण मोकळेपणाने मान्य केलंय, इतकंच त्यातून सिद्ध होतं.

‘१९३५ मध्येही दुपंखी’ हा टोमणा तर सगळ्यांत पोकळ. ई८एन मार्च १९३४ मध्ये उडालं. त्यानंतरच्याच महिन्यात, एप्रिल १९३४ मध्ये, अमेरिकी नौदलासाठी कर्टिस एसओसी सीगल उडालं. तेही दुपंखी, तेही मधल्या एका तरंग्याचं. ब्रिटिशांचं वॉलरस दुपंखी. त्यांचं फेअरी सीफॉक्स १९३६ मध्ये उडालं, तेही दुपंखी. सीगलची जागा घ्यायला आणलेलं एकपंखी सीम्यू इतकं फसलं की अमेरिकी क्रूझरांवर जुनं सीगलच पुन्हा चढवावं लागलं. ‘मागासलेपणा’चा निकष लावायचाच तर तो सगळ्यांना लावा.

कारण समजायला जहाजावरची पद्धत बघावी लागते. विमान उडतं बारुदीच्या दाबावर चालणाऱ्या कॅटापल्टवरून. थोड्या मीटरांत त्याला उडण्याइतका वेग मिळतो. कमी वेगात उचलणारा पंख असला तर तिथे थोडी सवड राहते. परतताना जहाज वळण घेतं आणि वळणाच्या आतल्या बाजूला लाटा दबून पाण्याचा एक गुळगुळीत पट्टा तयार होतो. त्या थोड्या वेळात, त्या थोड्या जागेत विमानाला उतरायचं असतं. उतरायचा वेग जास्त असला तर पट्टा संपतो आणि तरंगा खुल्या लाटेवर आदळतो. त्यानंतर क्रेनखाली सरकायचं आणि हूक अडकवायचा. आडव्या वाऱ्यात एक पंख उचलला गेला की दुसऱ्या टोकाचा आधार-तरंगा पाण्यात रुततो आणि विमान तिथेच गर्रकन फिरतं. एवढ्या कसरतीत दोन आखूड पंख एका लांब पंखाइतकं क्षेत्रफळ देतात आणि कॅटापल्टवर कमी जागा अडवतात. ई८एनचा पंखविस्तार ११ मीटरच्या आतच होता. कावानिशीने ८-शी स्पर्धेत एकपंखी ई८के उतरवलंही होतं. एकपंखी पर्याय समोर असताना नौदलाने दुपंखी निवडलं, याचा अर्थ त्यांना एकपंखी ठाऊक नव्हतं असा कसा होईल? पुढे चीनच्या युद्धात याच विमानाने टेहळणीबरोबर तोफांचा मारा दुरुस्त करून दिला आणि सूर मारून बॉम्बही टाकले.

नकलेच्या दाव्याला एक तिरकस उत्तर इतिहासातच आहे. १९४१ च्या सुरुवातीला प्रशांत महासागरात फिरणाऱ्या ‘ओरियन’ या, व्यापारी जहाजांवर हल्ले करणाऱ्या जर्मन जहाजाला टेहळणीसाठी विमान हवं होतं. त्यांनी ते जपानकडून घेतलं आणि ते होतं ई८एन. दहा-बारा वर्षांपूर्वी हाइंकेलची विमानं जपानला विकणारा देश!

राहिलं मिडवे. ४ जून १९४२ रोजी अर्धा तास उशिरा निघालेलं आणि अमेरिकी ताफ्याची बातमी देणारं विमान ‘टोने’ क्रूझरचं क्रमांक ४. ते आयचीचं ई१३ए होतं: एकपंखी, तीन माणसांचं, दोन तरंग्यांचं. ई८एन त्या सकाळच्या शोधमोहिमेत होतं, पण ‘हारुना’ या युद्धनौकेवरून, आणि त्याच्या वाट्याला सगळ्यांत आखूड पट्टा आला होता: १५० सागरी मैल. टोने आणि चिकुमाच्या विमानांना ३०० मैल जायचं होतं. ई८एनचा पूर्ण पल्लाच ९०० किमीच्या आसपास होता. ३०० मैल जाऊन परत यायचं तर अकराशे किमीहून जास्त उडावं लागतं. या विमानावर टीका करायचीच असेल तर ती इथे करा: आठ वर्षं जुनं, आखूड हाताचं विमान १९४२ मध्येही पहिल्या फळीत ठेवलं होतं. पण उशिराचा ठपका त्याच्या माथी मारता येत नाही.