वॅट नंतर, आधी उन्हाळा अन् व्होल्टेज पाहा

होम थिएटरचा टिकाऊ रिसीव्हर (टीव्हीचा आवाज वाढवून स्पीकरांना देणारा डबा) कसा निवडावा, यावरच्या लेखात सगळा भर चॅनल (किती स्पीकर चालतात) अन् वॅटवरच दिलाय. शहरात ठीक आहे भाऊ, पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात तो मरतो भलत्याच कारणांनी. मे महिन्यात पारा ४५ च्या वर, अन् डबा कोंबलेला शोकेसच्या बंद कप्प्यात! आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या भागाचं) आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्म्यावर येते. डब्याच्या वर वीतभर जागा मोकळी पाहिजेच. त्याच्या हवेच्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवणाऱ्यांना तर काय म्हणावं!

अ‍ॅम्प्लिफायरचा भाग सहसा दणकट असतो, बहुतेक वेळा आधी जातो तो एचडीएमआय (चित्र-आवाज एकाच केबलनं नेणारी जोडणी) बोर्ड. वीज कडाडली की झटका छत्रीच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्समार्गे आत शिरू शकतो, म्हणून नुसता प्लग काढून भागत नाही, ती केबलही काढा. अर्थिंग नीट नसेल तर महागडा स्पाइक गार्डही फारसा कामाचा नाही. व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर लागतोच.

वॅटचा म्हणजे ताकदीचा आकडा ८ ओहमचे स्पीकर, दोन चॅनल एकदम चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ (कानाला ऐकू येणारा सगळा पट्टा) असा दिला असेल तरच धरा. नुसत्या १ किलोहर्ट्झवर अन् १० टक्के डिस्टॉर्शनवाला (आवाज फाटलेला असतानाचा) आकडा सोडून द्या.

टीव्हीला ईएआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनं रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय) असेल तर बाकी सगळं टीव्हीलाच जोडा, रिसीव्हरला एकच केबल. उद्या नवीन एचडीएमआय आलं तर बदलायचा फक्त टीव्ही. अन् घेण्याआधी दुकानदाराले विचारा, बोर्ड नागपुरात बदलून भेटते की डबा पुण्या-मुंबईले धाडा लागते?