घरं परत मिळाली, ती विकली. मग?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे. युद्धात पडलेली घरं पुन्हा उभी करणं हे शांततेचंच काम, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: बोस्नियातल्या मोस्तार गावचा, युद्धात पडलेला पूल पुन्हा बांधला तरी गाव दुभंगलेलंच राहिलं. त्याच देशात युद्धात हाकललेल्या लोकांना घरं परत मिळाली, ती त्यांनी विकून टाकली. सिमेंटने मनं सांधत नाहीत, हा सगळा देणगीदारांचा फोटो काढण्याचा सोहळा. आणि गोव्यात माडाखाली बसून असल्या गप्पा मारायला काय जातं?

मोस्तारवरून मी भांडणार नाही. १९९३ साली तोफांनी पाडलेला पूल २००४ मध्ये पुन्हा उभा राहिला, दुसऱ्या वर्षी जागतिक वारशाच्या यादीतही गेला. पण त्याच देशात काही शाळांमधून क्रोएट (कॅथलिक) आणि बोस्नियाक (मुस्लिम) मुलं आजही एकाच इमारतीत वेगवेगळ्या वर्गांत बसतात. पुलाला कोणी मालक नसतो, त्यामुळे तो बांधायला सगळेच तयार होतात. खरी कसोटी घरांची.

बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या १९९५च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने प्रत्येक विस्थापिताला आपलं मूळ घर परत मिळण्याचा हक्क दिला. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात तुमच्या घरात जो बिऱ्हाड करून राहिलाय, तोही कुठून तरी हाकललेलाच. त्याच्या घरात तिसराच कोणी. हा हलल्याशिवाय तो हलणार कसा? शिवाय युद्ध चालू असतानाच ‘सोडून दिलेली मालमत्ता’ असा शिक्का मारून ही घरं आपापल्या माणसांना वाटलेली. त्यामुळे पालिकेतला कारकून अर्ज घ्यायचा आणि कपाटात टाकायचा. १९९९ पासून सूत्रं बदलली. अर्ज ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने निकाली काढायचे, अर्जदार कुठल्या जमातीचा हे बघायचं नाही. आडवे येणाऱ्या अधिकाऱ्यांना पदावरून हटवायचा अधिकार करारावर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रतिनिधीकडे होता, आणि त्याने तो वापरलाही. दोन लाखांच्या आसपास दावे होते. पुढच्या पाचेक वर्षांत त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त मिटले.

बऱ्याच जणांनी घर ताब्यात घेतलं आणि विकलं, हे खरं. गावं पूर्वीसारखी मिसळली नाहीत, हेही खरं. पण सर, बंदुकीच्या धाकाने किल्ली टाकून पळणं आणि स्वतःच्या सहीने खरेदीखत करून, पैसे मोजून घेऊन जाणं, या दोन्ही गोष्टी तुम्ही एकाच तराजूत घालता? घर विकून गेलेल्या माणसाला आपल्या नातवाला ‘आमचं घर त्यांनी बळकावलं’ असं सांगत बसावं लागत नाही. मला तरी हे थोडं वाटत नाही.

आता माडाखालचं. घराच्या कागदाचं महत्त्व मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या, पोराला शिकवावं लागत नाही. घर तीन पिढ्यांचं, जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनदाराची. १९७५च्या कायद्याने मुंडकाराला हुसकावण्यापासून संरक्षण दिलं, पण मामलेदाराकडच्या तारखा संपत नाहीत. तोवर छपराचे नळे बदलायचे म्हटलं की वाद, संडास बांधायचा म्हटलं की वाद. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, कोणाचं नाव आहे यावरून शेजारी चतुर्थीला एकमेकांच्या घरी जात नाहीत. तेही आपल्या ‘शांत’ गोव्यात, जिथे १९६१ नंतर तोफ उडालेली नाही!

फोटोच्या सोहळ्याबद्दल. २००९ साली श्रीलंकेतलं युद्ध संपल्यावर भारत सरकारने उत्तर आणि पूर्व प्रांतांत बेघर झालेल्या कुटुंबांना घरांसाठी पैसे दिले. बहुतेक घरं त्या कुटुंबांनीच बांधून घेतली. घरामागे साडेपाच लाख श्रीलंकन रुपये, पाया, भिंती, छप्पर अशा टप्प्यांनी थेट बँकखात्यात. गवंडी कोण आणि चूल कुठल्या कोपऱ्यात हे घरच्या बाईने ठरवायचं. सामानाचे भाव चढले तशी कित्येक कुटुंबं कर्जात गेली, हा त्या योजनेचा मोठा दोष. पण ठेकेदाराने एकसारख्या खोल्यांची चाळ बांधून फीत कापण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो.

घर म्हणजे गाव नव्हे, हा तुमचा मुद्दा मात्र मी उचलून धरतो. आपल्याच साळावली धरणाखाली गेलेल्या कुर्डी गावच्या लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत जागा मिळाल्या, घरंही झाली. तरी मे महिन्यात पाणी ओसरलं की ती माणसं सोमेश्वराच्या देवळाकडे जमतातच. कुठल्याही पुनर्वसन खात्याच्या फॉर्ममध्ये याला रकाना नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, ‘मग मणिपुरात काय करणार?’ मे २०२३ पासून तिथे मैतेई आणि कुकी यांच्यातल्या हिंसाचारात सुमारे साठ हजार माणसं घराबाहेर फेकली गेली. तात्पुरत्या पत्र्याच्या खोल्या हव्यातच. पण माझ्या हातात असतं तर मी आधी जळलेल्या प्रत्येक घराची हद्द, मालक, झाडं, विहीर हे सगळं दोन्हीकडच्या पंचांसमोर नोंदवून घेतलं असतं. मोकळ्या जागेवर दुसऱ्याचं कुंपण पडायच्या आत. एकदा तिथे कोणाची चूल पेटली की बोस्नियासारखी ती साखळी सुरू होते, आणि ती सोडवायला तिथे बाहेरचा कोणी प्रतिनिधी येणार नाही.