डोमेनवर उदक सोडण्याची शास्त्रोक्त पद्धत

पत्र आलं ना? येणारच होतं. डोमेन, म्हणजे तुमच्या वेबसाइटचा पत्ता, चौदा वर्षं तुमच्या नावावर, आणि समोरच्या कंपनीने ट्रेडमार्कचा अर्ज टाकून जेमतेम दोन महिने झालेले. वर वकिलाचं नाव ठळक, खाली अर्जाचा क्रमांक त्याहून ठळक, आणि ‘सात दिवसांत डोमेन आमच्या खात्यात वर्ग करा’ हे वाक्य अधोरेखित. परवा पुन्हा असंच एक पत्र नजरेखालून गेलं. एवढ्या मेहनतीने लिहिलेल्या पत्राचा मान राखायला हवा. तो कसा राखायचा, ते सांगतो.

सगळ्यात आधी घाबरा. क्रमांक आहे म्हणजे हक्क आहे, असं मनाशी पक्कं धरा. अर्ज म्हणजे नुसती मागणी, असली शंकासुद्धा मनात आणू नका. परीक्षक तो फेटाळू शकतो. शब्द निव्वळ वर्णनात्मक आहे म्हणून अडवू शकतो. प्रसिद्ध झाल्यावर तिसराच कोणी आक्षेप घेऊ शकतो. त्यासाठी अमेरिकेत ३० दिवस, युरोपियन युनियनमध्ये ३ महिने मिळतात. शिवाय माल आणि सेवांचे एकूण ४५ वर्ग आहेत. अर्ज कपड्यांच्या वर्गात असेल आणि तुम्ही त्या नावाने सॉफ्टवेअर विकत असाल, तरी ते पाहायचे कष्ट घेऊ नका. ही सगळी माहिती ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदीत कोणालाही फुकट दिसते. फुकटच्या गोष्टीला किंमत नसते, म्हणून ती उघडायचीच नाही.

मग ‘यूडीआरपी’ हा शब्द वाचून हातपाय गाळा. जगभरच्या डोमेन-नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने १९९९ साली आणलेलं, डोमेनची भांडणं सोडवण्याचं हे धोरण आहे तसं छोटंसंच, दोन चहांत वाचून होईल. पण वाचलंत तर पंचाईत. त्यात लिहिलंय की तक्रारदाराने तीन गोष्टी सिद्ध करायच्या. एक, ट्रेडमार्कवर त्याचा हक्क आहे आणि तुमचं डोमेन त्याच्याशी हुबेहूब किंवा घोटाळा व्हावा इतकं जुळतं. दोन, त्या नावावर तुमचा रास्त हक्क किंवा हितसंबंध नाही. तीन, तुम्ही ते वाईट हेतूने नोंदवलं आणि वाईट हेतूनेच वापरलं. यातलं ‘आणि’ नीट वाचा. ‘किंवा’ नाही, ‘आणि’ आहे. नुसता प्रलंबित अर्ज तर पहिल्याच पायरीवर ठेचकाळतो. ‘आम्ही नाव आधीपासून वापरतोय’ म्हणायचं, तर वापराचे पुरावे आणा. अर्जाच्या रकान्यात स्वतःच लिहिलेली ‘प्रथम वापर’ची तारीख हा पुरावा नव्हे. आणि समजा, अर्ज उद्या मंजूर झाला, मार्क नोंदला गेला, पहिली पायरी ओलांडली, तरी तिसरी राहतेच ना! चौदा वर्षांपूर्वी जी कंपनी अस्तित्वातच नव्हती, तिच्यावर डोळा ठेवून तुम्ही डोमेन घेतलंत कसं? ज्योतिष बघून? हा एक प्रश्न वकिलाला विचारला, तर निम्मी पत्रं तिथेच निमूट होतील. पण नाही! आपण काय करतो, तर ‘सर, थोडा वेळ द्या’ असं अजिजीने लिहितो. आणि ते ‘सर’ फाइलला लागतं.

एक अपवाद मात्र आहे आणि तो काहींच्या चांगला परिचयाचा आहे. अर्ज नोंदीत झळकला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेमकं तेच डोमेन उचललंत. अशा वेळी ‘तेव्हा मार्क कुठे नोंदला होता?’ हा बचाव टिकत नाही. येणाऱ्या हक्कावर डोळा ठेवून केलेली नोंदणीही वाईट हेतूचीच धरतात. हे तुमचंच वर्णन असेल, तर वरचा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हता.

पत्र मिळाल्याबरोबर डोमेन नव्या कंपनीच्या, भावाच्या किंवा मित्राच्या नावावर करा. हा उपाय फार रामबाण आहे. डोमेन पहिल्यांदा कधी जन्मलं याला इथे महत्त्व नाही. सध्याच्या मालकाकडे कधी आलं, ती तारीख मोजतात. नुसतं नूतनीकरण केलंत तर घड्याळ सहसा जुनंच चालतं. मालक बदललात, तर मालकीची साखळी अखंड असल्याचं तुम्हाला दाखवून द्यावं लागतं, नाहीतर घड्याळ नव्याने सुरू. म्हणजे चौदा वर्षांची पुण्याई एका फॉर्ममध्ये खर्ची घालायची आणि नवी तारीख नेमकी अर्जानंतरची पाडून घ्यायची. वर पत्रानंतर केलेली ही पळापळ वाईट हेतूचा पुरावा म्हणून तुमच्याच विरुद्ध मांडली जाते. तक्रार दाखल होऊन पडताळणीची विचारणा आली की रजिस्ट्रार (तुमचं डोमेन नोंदवून देणारी कंपनी) दोन कामाच्या दिवसांत डोमेनला कुलूप लावतो, त्यामुळे घाई करा.

जुनं डोमेन लिलावात घेतलं असेल, तर ‘हे २००३चं आहे’ असं छातीठोक सांगा. तुम्ही घेतलंत गेल्या वर्षी, ते कोण विचारतंय!

पार्किंगच्या पानावर (साइट नसलेल्या डोमेनवर दिसणारं जाहिरातींचं पान) कुठल्या जाहिराती दिसतात, ते कधीही पाहू नका. मार्कवाल्याच्या धंद्याशी जुळणाऱ्या जाहिराती तिथे आपोआप लागतात, आणि ‘आपोआप लागल्या’ हे उत्तर सहसा चालत नाही.

बिलं, करारपत्रं, जुने ईमेल जपू नका. २०१८ पासून नोंदणीतलं मालकाचं नाव बहुतेक ठिकाणी झाकलेलंच असतं, त्यामुळे चौदा वर्षं तुम्हीच मालक होतात हे जगाला परस्पर कळेल अशी आशा बाळगा.

मध्येच एखाद्या अनोळखी पत्त्यावरून ‘डोमेन विकायचं आहे का?’ असा गोड ईमेल येईल. नोंद न पाहता, समोर कोण आहे ते न विचारता दणकून आकडा फेका. खर्चाहून जास्त पैसे घेऊन मार्कवाल्यालाच विकायच्या हेतूने नोंदणी करणं हे वाईट हेतूचं पहिलंच उदाहरण म्हणून धोरणात दिलंय. सामान्य शब्दाचं डोमेन विकणं गुन्हा नाही, मागून आलेल्या मार्कवाल्याला किंमत सांगणंही नाही. पण तुमचं उत्तर संदर्भ कापून तक्रारीला जोडलं जातं. आधी गिऱ्हाईक म्हणून यायचं, भाव पटला नाही की पीडित म्हणून यायचं! काही तक्रारदारांचा हा ठरलेला दुसरा डाव आहे.

‘तुमचा ब्रँड दुसऱ्या एक्स्टेन्शनमध्ये (.net, .in वगैरे) कोणीतरी नोंदवतंय, ताबडतोब पैसे भरा’ असा ईमेल आला तर भरा. रजिस्ट्रार नोंदणीआधी असं घरोघरी विचारत फिरत नसतो, हे कळायला थोडी अक्कल लागते.

आता सोंग पुरे.

पत्र पाठवणाऱ्यांनो, तुम्हाला कायदा माहीत नाही असं नाही. माहीत आहे, म्हणूनच तुम्ही ‘अर्ज’ हा शब्द बारीक अक्षरात लिहिता आणि ‘आमचा ट्रेडमार्क’ मोठ्या. या तक्रारी ऐकणाऱ्या वायपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे पाच डोमेनपर्यंतच्या तक्रारीला एका निर्णायकासाठी १,५०० डॉलर लागतात. ते भरायची तयारी नसते, म्हणून पत्रावर भागवता. आणि भरून हरलात, तर काय होतं? फार तर निर्णयात ‘डोमेन बळकावण्याचा प्रयत्न’ असा शेरा येतो. दंड नाही, समोरच्याच्या वकिलाचा खर्च नाही. लाज वाटली तर तेवढीच शिक्षा. दुसऱ्याची वर्षानुवर्षांची मिळकत फुकट पदरात पडते का, हे चाचपून पाहायला हे दुकान उघडलंय होय?

आणि डोमेनवाल्यांनो, तुम्हीही कमी नाही. तक्रार सुरू झाली की उत्तराला २० दिवस मिळतात, मागितले तर आणखी ४. तेवढ्यात खरेदीची पावती, जुन्या पानांच्या प्रती आणि दोन पानी उत्तर तुमच्याकडून होत नाही. गप्प बसल्याने कोणी आपोआप हरत नाही, पण मग समोर फक्त तक्रारदाराचे कागद उरतात. निर्णय विरुद्ध गेला तरी अंमलबजावणीआधी १० कामाचे दिवस असतात. तेवढ्यात योग्य न्यायालयात दावा लावून डोमेन हातचं जाणं थांबवता येतं. तेही तुम्हाला डोमेन गेल्यावर कळतं, कारण नोंदणीत दिलेला ईमेल तीन नोकऱ्यांपूर्वीचा. तक्रारीची प्रत त्याच पत्त्यावर जाते, शिवाय तुमच्याच डोमेनच्या ‘पोस्टमास्टर’ या पत्त्यावर. ती पेटी चालू तरी आहे का? उघडा आणि बघा. आत्ता.