भजी खा, विमान उडवा

पार्ल्याला राहता? उत्तम. विमानं रोज तुमच्या डोक्यावरून जातात, तेव्हा तापलेल्या पृथ्वीबद्दल बोलायचा पहिला मान तुमचा. बोला. फक्त त्याआधी गोव्याचं तिकीट काढून टाका, कोकणकन्येत रात्रभर कोण अवघडून बसणार?

मनाला टोचणी लागली तर उपाय आहे. वापरलेल्या खाद्यतेलापासून विमानाचं इंधन बनतं. झालं तर मग! संध्याकाळी स्टेशनबाहेर दोन प्लेट कांदाभजी हाणायची आणि पृथ्वीसाठी आजचा वाटा उचलला म्हणायचं. घरात कुणी कोलेस्टेरॉलचा विषय काढलाच, तर त्याला निसर्गाचं प्रेम नाही.

भजीवाल्याला मात्र 'उरलेलं तेल कुठे देता?' असं विचारू नका. उरतंय कुठे साहेब? सकाळी वडे, दुपारी समोसे, संध्याकाळी भजी, कमी पडलं की वरून नवं ओतायचं. तेल पुन्हापुन्हा तापवल्यानं त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तळणाला वापरू नये, असा नियम आहे. जुनं तेल गोळा करून बायोडिझेल करायची योजनाही २०१८ पासून आहे. पण आपल्या कढईतलं तेल गोळा व्हायला थांबत नाही, ते थेट आपल्या पोटात जातं.

तेल नाही तर मळी. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला देशी इंधन मिसळून विमान गेलं. इंधन उसाच्या मळीपासून, बनवणारी कंपनी पुण्याचीच. म्हणजे पुणेकरांना सांगायला आणखी एक, आणि चेअरमनसाहेबांचा ऊस थेट ढगात.

हे इंधन जळतानाही कार्बन डायऑक्साइड जवळपास तेवढाच निघतो. फरक इतकाच, की तो कार्बन उसानं आधी हवेतूनच घेतलेला असतो, जमिनीखालून उपसलेला नसतो. चारचौघांत दुसरं वाक्य तेवढं सांगा.

विमानाच्या इंधनात हे इंधन मिसळायचं सरकारचं उद्दिष्ट आहे २०२७ ला १ टक्का, २०३० ला ५. तेही आधी आंतरराष्ट्रीय विमानांसाठी. तुमचं गोवा त्यात नाही, निर्धास्त असा. साध्या इंधनाच्या कितीतरी पट महाग पडणाऱ्या या मालासाठी तिकीट काढताना चार पैसे जास्त मागणारा चौकोन दिसलाच, तर बोट हळूच खाली सरकवा. खिडकीची सीट तिथेच असते.

विमानात भजी मिळत नाहीत, घरून न्या. उतरताना तेलकट कागद हवाईसुंदरीच्या हातात द्या. म्हणावं, टाकीत पिळा.