भोपाळने दिलेली यादी

शाळेच्या जुन्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर नुसती जुंपलीये. विषय एकच, एमआयडीसीला खेटून भरणारी शाळा. एक पार्टी म्हणते कारखाने हलवा, दुसरी म्हणते कारखाने आधी आले आणि शाळा नंतर, मग शाळाच हलवा, आणि तिसरी (हिच्यात दोन केमिकल इंजिनिअर आहेत) म्हणते वास आला म्हणजे विष असतंच असं नाही, उगाच बोंबलू नका. मग कुणीतरी मला टॅग करतंच, "तुमच्या अमेरिकेत खपवून घेतात का रे असलं?"

घेतात की. लुइझियानात लाप्लेस नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारच्या रिझर्व्हमध्ये फिफ्थ वॉर्ड नावाची प्राथमिक शाळा वर्षानुवर्षं निओप्रीन रबराच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत भरत होती, मुलं बहुतेक कृष्णवर्णीय. त्या कारखान्यातून क्लोरोप्रीन नावाचं रसायन निघायचं, ज्याने कॅन्सर होण्याची शक्यता आहे असं ईपीएनेच (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने) 2010 मध्ये सांगितलेलं. सरकारने कंपनीला कोर्टात खेचलं ते 2023 मध्ये, आणि 2025 मध्ये सरकार बदलल्यावर केस मागेही घेतली. तेव्हा इकडे सगळं आलबेल आहे असं सांगणारा एनआरआय मी नाही.

पण एक फरक आहे. इकडे भांडायला हातात आकडे असतात. 2008 मध्ये यूएसए टुडे या पेपरने सरकारचाच डेटा आणि सरकारचंच मॉडेल वापरून सव्वा लाखाहून जास्त शाळांबाहेरच्या हवेचा अंदाज काढला. ओहायोत ॲडिस्टनला प्लास्टिकच्या कारखान्यासमोरची एक शाळा हवेमुळे 2005 मध्येच बंद केली होती, आणि या हिशोबात 435 शाळा तिच्यापेक्षाही वाईट निघाल्या. बोंबाबोंब झाली, 2009 मध्ये ईपीएने 22 राज्यांतल्या 62 शाळांबाहेर यंत्रं बसवायची घोषणा केली. बऱ्याच ठिकाणी आकडे भीती होती तेवढे निघाले नाहीत, काही ठिकाणी पुढेही मोजत राहावं लागलं. पण मोजलं तरी.

आता हा सरकारी डेटा आला कुठून? भोपाळमधून. डिसेंबर 1984 च्या त्या रात्रीनंतर इकडच्या लोकांना कळलं की त्याच कंपनीचा तोच वायू बनवणारा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट नावाच्या गावात आहे, आणि 1985 मध्ये तिथेही गळती झाली. 1986 मध्ये कायदा आला, कुठल्या कारखान्याने कुठलं रसायन वर्षाला किती सोडलं याची यादी सगळ्यांसाठी खुली. म्हणजे माणसं मेली आपली आणि यादी मिळाली इकडच्या आईबापांना. आपला पर्यावरण संरक्षण कायदाही 1986 चाच, पण अशी कारखान्यागणिक यादी आपल्याकडे आजही नाही. हे मला इकडे येऊन दहा वर्षं झाल्यावर कळलं, लाज वाटली.

ग्रुपवर रोज कुणीतरी एक्यूआयचा, म्हणजे हवेच्या गुणवत्तेच्या आकड्याचा, स्क्रीनशॉट टाकतं, बघा नव्वदच आहे. अरे बाबा, आपल्या एक्यूआयमध्ये आठच गोष्टी धरतात, धूळ, सल्फर डायऑक्साइड, ओझोन वगैरे. बेन्झीन हे कॅन्सर करणारं रसायन त्यात नाहीच, त्याची वेगळी वार्षिक मर्यादा आहे, घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. आणि आमच्या इंजिनिअर मित्रांचं वासाबद्दलचं म्हणणं अर्धंच खरं आहे, काही वायू जरासे सुटले तरी नाक धरावं लागतं, पण बेन्झीन नाकाला कळतं तोवर ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. शिवाय गळती नेहमी चिमणीतूनच होते असं नाही, व्हॉल्व्ह, पाइपचे जोड, टाक्या, सगळं जमिनीलगत. त्यात लहान मुलं वजनाच्या मानाने आपल्यापेक्षा जास्त हवा आत घेतात आणि त्यांची फुप्फुसं अजून वाढत असतात.

म्हणून मला कारखाना हलवा की शाळा हलवा हे भांडणच आत्ता नको वाटतं. आधी त्या शाळेच्या गच्चीवर वर्षभर यंत्र ठेवा, आणि फक्त धूळ नको, वायू मोजा. अगदीच अशक्य नाहीये हे. 2017 मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना स्टार द्यायला सुरुवात केलीच होती, चिमणीतल्या धुळीवरून का होईना, आणि ते स्टार लोकांना बघता येत होते. तेच वायूंपर्यंत न्या, आणि शेजारच्या शाळेच्या नोटीस बोर्डावर लावा.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर एका मैत्रिणीने विचारलं, तुझ्या मुलीची शाळा तपासलीस का? तपासली ना, घर घेतानाच, त्या यादीत पिन कोड टाकून. तीन मैलांत दोन कारखाने निघाले, एकाच्या नावापुढे स्टायरीन या रसायनाचे पौंडही लिहिलेले, आणि तेही कंपनीनेच अंदाजाने भरलेले. बायकोशी दोन रात्री बोललो. पण शाळेचं रेटिंग चांगलं होतं, ऑफिस जवळ होतं.

पोरगी त्याच शाळेत जाते.